एकट्याचा हात पोचेल अशी बोट: राहण्यासाठी जुनी मोटरबोट कशी पारखावी

बेळगाव, खानापूर, निपाणी या आपल्या पट्ट्याला समुद्र नाही, पण उमेदीची वर्षं समुद्रावर काढलेली माणसं इथे बरीच आहेत. कुणी मर्चंट नेव्हीतून निवृत्त झालंय, कुणी आखातात टगबोटींची इंजिनं सांभाळलीत, आणि कुणी पाण्यावर पाय ठेवला नसला तरी उद्यमबागेत आयुष्यभर डिझेल इंजिनं उघडून जोडलीत. यातल्या काहींच्या मनात एक बेत घर करून असतो. गोव्यात केबिनवाली जुनी मोटरबोट घ्यायची, वर्षाचे सात-आठ महिने तिच्यावरच राहायचं आणि हवा बरी असेल तेव्हा एकट्यानं मालवण किंवा कारवार करून यायचं. बेत जमण्यासारखा आहे. फायबरची चांगली बांधलेली बोट तीस-चाळीस वर्षांनीही पाण्यात उभी असते आणि तिची किंमत नव्या बोटीच्या मानाने फारच कमी असते. अडचण एवढीच, की जुनी बोट पारखायची रीत जुन्या गाडीपेक्षा किंवा जुन्या घरापेक्षा वेगळी आहे. ती माहीत नसेल तर स्वस्तात घेतलेली बोट दुरुस्तीतच पैसा खाते.

बोट बघायला गेलेला माणूस सहसा आधी केबिनमध्ये शिरतो. गाद्या, फ्रिज, लाकडाचं पॉलिश बघतो आणि तिथेच त्याचं मन बसतं. माझं म्हणणं असं, की एकट्यानं राहायचं आणि एकट्यानं फिरायचं असेल तर बोटीवरच्या प्रत्येक गोष्टीला एकच प्रश्न विचारावा: इथे एकट्या माणसाचा हात पोचतो का? इंजिनाच्या मागच्या नळीला पोचतो का, सुकाणूपाशी उभं राहून दोराला पोचतो का, पाण्यात पडलो तर शिडीला पोचतो का. दुसरं माणूस मदतीला असतं तेव्हा गैरसोयीची बोटही चालून जाते. एकट्याला तीच गैरसोय एखाद्या दिवशी जिवावर बेतते.

पण बोटीच्याही आधी पाणी ठरवायला हवं. घरापासून जवळ म्हणून हिडकलचा जलाशय किंवा सौंदत्तीकडचं नविलुतीर्थाचं धरण डोळ्यासमोर येतं. घटप्रभा आणि मलप्रभा या दोन्ही नद्या २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याच्या यादीतही आहेत. तरी राहण्याची बोट ठेवायला ही जागा नव्हे. उन्हाळ्यात जलाशयाची पातळी खाली जाते, बोट उचलायला क्रेन नाही, बांधायला जेटी नाही, फिरायला वाट नाही. आपलं पाणी घाटाखाली. मलप्रभा कणकुंबीला उगम पावून पूर्वेकडे वळते, आणि त्याच खानापूर तालुक्यातून निघालेली म्हादई पश्चिमेला उतरून गोव्यात मांडवी होते. मांडवी, झुआरी आणि या दोघींना आतल्या अंगाने जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा, हे राहण्याच्या बोटीचं खरं घर. चोर्ल्याचा घाट उतरून तीनेक तासांत तिथे पोचता येतं. दक्षिणेला कारवारची काळी नदीही आहे.

या पाण्याचे तीन गुण बोट निवडताना लक्षात ठेवावे लागतात. ते खारं किंवा मचूळ आहे. उधाणाच्या भरतीला ते सुमारे दोन मीटरनी वरखाली होतं. आणि पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी, अग्वादजवळ, वाळूच्या उथळ पट्ट्यावर लाटा फुटतात आणि ती वाट बंद पडते. खनिजाचे बार्ज पूर्वी पावसाळ्यात कुंभारजुव्याच्या कालव्याने झुआरीत उतरून मुरगाव गाठायचे ते याचमुळे. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिकी मासेमारीही बंद असते. म्हणजे फिरायचा हंगाम ऑक्टोबर ते मे. उरलेले महिने बोट नदीत आत सुरक्षित बांधलेली असावी किंवा जमिनीवर चढवलेली असावी. पूल विसरू नका. वर उंच केबिन असलेली बोट भरतीच्या वेळी ठरलेल्या पुलाखालून जाते का, हे मोजून घ्या.

लांबी किती असावी?

एकट्यासाठी २८ ते ३४ फूट. त्याहून लहान बोटीत महिनोन्महिने राहताना जीव आखडतो. त्याहून मोठी बोट वाऱ्यात जेटीला लावताना एकट्याच्या ताब्यात राहत नाही, शिवाय उचलणं, रंगवणं, बांधणं या सगळ्याचा खर्च लांबीच्या हिशोबानं चढतो. आकारात मन मोठं करू नका.

यानंतर तळाचा आकार. बोटी ढोबळमानाने दोन तऱ्हांच्या. एक पाणी कापत, पाण्यात बसून जाते. दुसरी वेग घेतला की पाण्यावर उचलली जाऊन घसरत जाते. पाण्यात बसून जाणाऱ्या बोटीला निसर्गानेच वेगाची मर्यादा घातली आहे: पाण्याच्या रेषेवरची लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा, १.३४ ने गुणा. पाण्याच्या रेषेवर २५ फूट असलेली बोट साधारण ६.७ नॉट जाते, म्हणजे तासाला बारा-साडेबारा किलोमीटर. याहून जोरात न्यायला गेलात तर बोट स्वतःच्याच लाटेच्या चढणीला लागते. डिझेल जळतं, वेग वाढत नाही.

हे ऐकून बरेच जण घसरणाऱ्या बोटीकडे वळतात, कारण ती वीस नॉटही जाते. हिशोब मात्र बघा. डिझेल इंजिन एक अश्वशक्ती तासभर द्यायला साधारण पाव लिटर इंधन पितं. तीस फुटी संथ बोटीला सहा नॉटला पंधरा-वीस अश्वशक्ती पुरते, म्हणजे तासाला चार-पाच लिटर. पणजीहून मालवण सहा-सात तासांचा प्रवास, तीसएक लिटरमध्ये होतो. त्याच लांबीची दोन इंजिनांची वेगवान बोट वीस नॉटला अडीचशे अश्वशक्ती मागते. ती दोन तासांत पोचेल, पण शंभराहून जास्त लिटर जाळून. शिवाय वेगवान बोट हळू चालवली तर तिचा सपाट तळ डावी-उजवीकडे भरकटतो आणि टर्बो इंजिन कमी भारावर सतत चालवल्याने काजळी धरतं. राहणाऱ्या माणसाला घाई कसली? एकट्यानं राहायचं असेल तर संथ, खोल तळाची बोट घ्यावी, असं मी ठामपणे म्हणतो. मधल्या तऱ्हेच्या, दहा-बारा नॉटपर्यंत जाणाऱ्या बोटीही मिळतात. हवा बिघडायच्या आत खाडी गाठायला तेवढा जादा वेग कधी कधी उपयोगी पडतो. तीही निवड वाईट नाही.

बोट कशाची असावी, यावर फार घोळ नको. लाकडी बोट सुंदर असते, पण खाऱ्या पाण्यातला किडा लाकूड आतून पोखरतो आणि दरवर्षी सुतार व रंगारी लागतात. पोलादी बोटी हॉलंडच्या गोड्या पाण्याच्या कालव्यांत पिढ्यानपिढ्या चालल्या. आपल्या उष्ण, खाऱ्या हवेत गंज झपाट्यानं धरतो, तोही बाहेरून न दिसणाऱ्या आतल्या कोपऱ्यांत. पोलादी घ्यायचीच असेल तर अल्ट्रासोनिक यंत्रानं पत्र्याची जाडी जागोजाग मोजून घ्या. हे यंत्र आपल्याकडच्या फाउंड्रीवाल्यांच्या ओळखीचं आहे. बाकी सर्वांनी फायबरची बोट बघावी.

फायबरही अमर नाही. पाण्यात कायम उभ्या असलेल्या फायबरमध्ये वर्षानुवर्षं थोडं थोडं पाणी शिरतं, आतल्या न जुळलेल्या रसायनांशी मिसळतं आणि तळाला फोड येतात. फोड फोडला की आंबूस वासाचा द्राव येतो. मोजके फोड असतील तर घाबरायचं कारण नाही, भाव पाडायला ते उपयोगी आहेत. पण तळ पूर्ण सोलून, महिनोन्महिने वाळवून, इपॉक्सीचे थर द्यावे लागणार असतील तर तो मोठा खर्च आहे. खरी भीती दुसरीकडे असते. डेकचे दोन थर आणि इंजिनाला आधार देणाऱ्या लांब पट्ट्या यांच्या पोटात प्लायवूड किंवा हलकं लाकूड भरलेलं असतं. रेलिंगच्या नटबोल्टातून, खिडकीच्या कडेतून पाणी आत गेलं की ते लाकूड कुजतं आणि वरचं फायबर मात्र चकचकीत राहतं. यावर उपाय जुनाच. प्लास्टिकची हातोडी घ्या आणि इंच-इंच ठोकत जा. मडकं घेताना टिचकी मारून बघतो तसंच. टणक, खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर आत ओल आहे. डेकवर चालताना पायाखाली किंचित दबतंय असं वाटलं तर तिथे खडूने खूण करून ठेवा. ओल मोजणारं मीटरही मिळतं, पण ते वापरायला अनुभव लागतो. आत मीठ किंवा धातू असला तर ते चुकीचा आकडा दाखवतं.

आपल्या पावसाचा इथे फायदा करून घ्यावा. जून ते सप्टेंबर बऱ्याच बोटी जमिनीवर चढवलेल्या असतात, म्हणून तळ बघायला याहून चांगला काळ नाही. धुवांधार पावसाच्या दुसऱ्या दिवशी जा, कपाटांच्या मागचं प्लायवूड आणि खिडक्यांखालचे कोपरे हातानं चाचपा. जी बोट तेव्हा आतून कोरडी आहे ती खरोखर कोरडी आहे. व्यवहार मात्र तेव्हा पुरा करू नका. ऑक्टोबरात बोट पाण्यात उतरल्यावर ती चालवून बघायची अट करारात घाला.

आता इंजिन. इथे आपल्या माणसांचा हात कुणी धरणार नाही. काळा, निळा, पांढरा धूर कशाचा, हे खेड्यातला ट्रॅक्टरवालाही सांगतो. तेल दुधाळ कॉफीसारखं दिसलं तर पाणी मिसळलंय, हेही सगळ्यांना माहीत आहे. डिझेलच घ्या, केबिनखाली बसवलेलं पेट्रोल इंजिन राहण्याच्या बोटीत नको, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाच्या पोकळीत साचते आणि एका ठिणगीत भडकते. प्रश्न आहे तो समुद्री इंजिनाच्या वेगळेपणाचा.

ट्रकच्या इंजिनाला रेडिएटर हवेनं गार करतो. बोटीच्या इंजिनात आतलं गोडं कूलंट फिरतं आणि त्याला गार करायला बाहेरचं खारं पाणी एका अदलाबदल करणाऱ्या नळकांड्यातून फिरवलं जातं. ते खारं पाणी ओढणाऱ्या पंपात रबरी पात्यांचं एक चाक असतं, त्याला इम्पेलर म्हणतात. चिखल ओढला गेला किंवा पाण्याची वाट पिशवीने तुंबली की ती पाती तुटतात आणि पाच-दहा मिनिटांत इंजिन तापतं. एकट्यानं, डुलत्या बोटीत, हे चाक बदलता येतं का? बघायला गेलात की इंजिनाचं झाकण उघडा, खाली बसा आणि खरोखर हात घालून बघा. पंपाच्या झाकणाचे स्क्रू चाचपा, तेलाच्या आणि डिझेलच्या फिल्टरला हात लागतो का बघा, पट्टा बदलायला जागा आहे का बघा. दोन इंजिनांच्या बोटीत बाहेरच्या बाजूच्या अंगाला कुणाचाच हात पोचत नाही, आणि जिथे हात पोचत नाही तिथली देखभाल झालेली नसते.

दुसरी जागा धूर बाहेर जाण्याची. वापरलेलं खारं पाणी पुढे एका वाकड्या नळीत गरम धुरात सोडतात, म्हणजे धूर गार होऊन रबरी नळीतून बाहेर जातो. उष्णता, मीठ आणि डिझेलची आम्लं अशी तिहेरी मार खाणारी ही नळी आतून सडते, बाहेरून रंग शाबूत. ती फुटली तर पाणी उलट सिलिंडरमध्ये जातं. जुन्या बोटीवर ही वाकडी नळी कधी बदलली याची पावती मागा. नसेल तर ती बदलावी लागणार असं धरून किमतीतून तेवढी रक्कम वजा करा.

तासांचं मीटर बघून फसू नका. वीस वर्षांत तीनशे तास चाललेलं इंजिन हे चांगलं इंजिन नव्हे. ते बसून बसून गंजलेलं असतं, रबर वाळलेलं असतं, टाकीत डिझेलला बुरशी धरलेली असते. नोंदवहीसह दोन हजार तास चाललेलं इंजिन मी त्याच्या आधी घेईन. अशोक लेलँड किंवा कमिन्सवर आधारलेलं इंजिन असेल तर सुटे भाग आणि हात दोन्ही आपल्याकडे मिळतात. व्होल्वो पेंटा, यानमारसारख्या इंजिनांचे भाग मागवण्याची तयारी ठेवावी.

चालवून बघायला जाताना विकणाऱ्याला आधीच सांगा, की आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. पोचल्यावर इंजिनाला हात लावा. ते गरम असेल तर थंड सुरुवातीचा दोष तुमच्यापासून लपला. सुरू झाल्यावर मागून पाण्याची धार पडते का बघा, मग खाडीत नेऊन काही मिनिटं पूर्ण वेग द्या. इंजिनाच्या पाटीवर ३६०० फेरे लिहिलेत आणि ३२०० च्या वर जात नाही, तर तळाला शेवाळ-कालवं धरलीत, पाण्यात फिरून बोट ढकलणारा पंखा, म्हणजे प्रोपेलर, चुकीच्या मापाचा आहे किंवा इंजिन थकलंय. यातलं पहिलं कारण शंभर टक्के वगळल्याशिवाय पुढचं बोलणं करू नका.

इंजिन एक की दोन? दोन इंजिनं असली की बोट जागच्या जागी फिरते आणि एक बंद पडलं तरी दुसरं घरी आणतं, हे खरं. पण एकट्यासाठी माझं मत एका इंजिनाच्या बाजूनं आहे. त्याच्या चहूबाजूंना हात पोचतो, देखभाल अर्धी लागते, आणि घाणेरड्या डिझेलने बंद पडायचं असेल तर दोन्ही एकदमच बंद पडतात. वळवण्याची उणीव पुढे बसवलेला छोटा विजेचा आडवा पंखा, म्हणजे बाऊ थ्रस्टर, भरून काढतो. शक्ती पाण्यात पोचवायची रीतही बघा. सरळ दांडा तळातून जाऊन त्याला पंखा, ही रीत सगळ्यांत साधी आणि टिकाऊ. मागच्या बाजूला बाहेर लटकणारा, पंखा बसवलेला अल्युमिनियमचा पाय असलेली बोट मात्र बारमाही खाऱ्या पाण्यात राहणार असेल तर टाळा. त्याच्या रबरी घडीदार नळ्या ठरावीक वर्षांनी बदलल्या नाहीत तर त्यातूनच बोटीत पाणी भरतं, आणि त्या बदलायला दरवेळी बोट वर काढावी लागते.

तळाखाली हात घालताना तिथे धातूचे बलिदानी तुकडेही बघा. खाऱ्या पाण्यात वेगवेगळे धातू जवळ आले की कमकुवत धातू झिजतो. पंख्याऐवजी झिजायला मुद्दाम हे तुकडे बसवतात. भर समुद्रात जस्ताचे चालतात, पण मचूळ पाण्यात जस्तावर कवच धरतं आणि ते काम सोडतं. मांडवीत आत बोट उभी राहणार असेल तर अल्युमिनियमचे लावा.

एकट्यानं चालवणं म्हणजे काय, हे जेटीला लागताना कळतं. सुकाणूपाशी एक माणूस आणि दोर टाकायला एक, असं गृहीत धरून बहुतेक बोटी बांधलेल्या असतात. एकट्याला सुकाणूच्या अगदी शेजारी बाजूचं दार हवं. दार उघडलं, एक पाऊल बाहेर, आणि बोटीच्या मध्यावर दोर बांधायचा भक्कम खुंट हाताशी. हा मधला खुंट नसेल तर बसवून घ्या. मधल्या खुंटाचा दोर जेटीवरच्या मागच्या खुंटाला अडकवला, सुकाणू जेटीपासून उलट्या दिशेला वळवलं आणि इंजिन सावकाश पुढे टाकलं, की बोट आपोआप जेटीला चिकटून उभी राहते. मग बाकीचे दोर तुम्ही शांतपणे बांधू शकता. ही एक युक्ती दहा वेळा शिकून घ्या, कुणी तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, ओळखीचा असेल तर त्याला चार दिवस सोबत घ्या. छतावर दुसरं सुकाणू असलेल्या बोटी दिसायला रुबाबदार असतात. शिडी उतरून दोराला पोचेपर्यंत वारा बोट घेऊन गेलेला असतो. बाजूचा डेक निदान फूटभर रुंद असावा आणि चालताना एक हात कायम रेलिंगला असावा. दुपारनंतर गोव्यात वायव्येचा वारा जोर धरतो, उंच आणि हलकी बोट त्यात पतंगासारखी ढकलली जाते. एकट्यानं निघायचं ते पहाटे, आणि दुपारपर्यंत मुक्कामी पोचायचं.

नांगराचा हिशोबही करून टाका. पाणी तीन मीटर, नाळेची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाची, उंची एक मीटर, भरतीचे दोन मीटर, झाले सहा. साखळीला याच्या पाचपट लांबी सोडायची, म्हणजे तीस मीटर. ८ मिलिमीटर जाडीची साखळी मीटरला सुमारे दीड किलो भरते, नांगर पंधराएक किलोचा. चिखलात रुतलेला हा ऐवज साठीतल्या माणसानं रोज हातानं ओढायचा नसतो. विजेवर साखळी ओढणारं चाक हवंच, आणि त्याचं बटण सुकाणूपाशीही असेल तर फारच छान. सुकाणू स्वतः धरून ठेवणारं ऑटोपायलट ही चैन समजू नका. एकट्याला चहा करायला, नकाशा बघायला, लघवीला जायला तेच मोकळं करतं.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं: पाण्यात पडणं. दोघं असतील तर दुसरा बोट वळवतो. एकटा पडला तर बोट निघून जाते. म्हणून इंजिन बंद करणारी दोरी किंवा बिनतारी बटण अंगावर, तरंगणारं जाकीट अंगावर, पाण्यात चालेल असा छोटा व्हीएचएफ रेडिओ संच जाकिटाला बांधलेला. संकटासाठी चॅनेल १६, आणि मोबाइलची रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४. बोट निवडताना बघायचं ते हे, की मागची शिडी पाण्यातून ओढून खाली पाडता येते का. अनेक बोटींची शिडी फक्त डेकवरूनच उघडते. शांत दिवशी, कुणी सोबत असताना, पाण्यात उतरून वर चढून बघा. कुंभारजुव्याच्या कालव्यात मात्र हा प्रयोग नको, तिथे मगरी आहेत.

राहण्याच्या सोयींबद्दल थोडक्यात. विजेचा हिशोब घरच्या युनिटमध्ये करा. छोटा फ्रिज, पंखा, दिवे, पंप, फोन मिळून एकट्याला दिवसाला एक ते सव्वा युनिट लागतं. १२ व्होल्टवर ते साधारण १०० अँपियर-तास होतं. लेड-ॲसिड बॅटरी अर्ध्याहून खाली नेऊ नये, म्हणून २०० अँपियर-तासांचा साठा आणि छतावर ४०० वॉट सोलर. इंजिन सुरू करायची बॅटरी यापासून अगदी वेगळी. एसी रात्रभरात पाच-सहा युनिट खातो, तो जेटीवरची वीज असेल तरच. म्हणून खिडक्या उघडतात का, वारा आरपार जातो का, डासांची जाळी बसते का, हे एसीच्या आधी. पाण्याची टाकी २०० लिटरची असेल तर काटकसरीनं दहा दिवस जातात. संडासाची साठवण टाकी हवीच, नदीत सोडू नका. गॅसचं मात्र विसरू नका: तोही हवेपेक्षा जड, आणि बोटीच्या पोटातून त्याला बाहेर पडायला उंबरा नाही. सिलिंडर बाहेरच्या बंद कप्प्यात, ज्याच्या तळाचं छिद्र थेट बोटीबाहेर उघडतं, तिथेच असावा. धुराचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या जागेजवळ लावा.

तळाला पाणी आत-बाहेर करण्याची जितकी भोकं तितके झडप असलेले नळ. प्रत्येक नळ स्वतः फिरवून बघा. जाम झालेला नळ म्हणजे नळी निसटली तर बंद करता न येणारं भोक.

युरोपातून आलेल्या १९९८ नंतरच्या बोटींवर बहुधा एक पाटी असते आणि तिच्यावर ए, बी, सी, डी यातलं अक्षर. डी म्हणजे शांत नदीपुरती. सी म्हणजे दोन मीटर लाटेपर्यंत, किनाऱ्याजवळ. बी म्हणजे चार मीटरपर्यंत. मांडवीत राहून चांगल्या हवेत मालवण-कारवार करायला सी चालेल, बी असेल तर मन निवांत राहतं. आयात बोट असेल तर कस्टम्सचे कागद मागा. ते नाहीत म्हणून बोट स्वस्त असेल तर ती स्वस्त नाही.

बोट पारखणारा सर्वेअर तुम्ही नेमा, विकणाऱ्याचा अहवाल वाचा पण त्यावर पैसे देऊ नका. खर्चाचा बोटवाल्यांत एक ठोकताळा आहे: बोटीच्या किमतीचा दहावा भाग दरवर्षी देखभालीला. जुन्या बोटीला पहिल्या वर्षी त्याहून जास्त लागतो, म्हणून हातातला सगळा पैसा खरेदीतच घालू नका.

कागदांचं काम शेवटी येतं, पण घाईनं उरकायचं नाही. नदी-खाडीतल्या यांत्रिक बोटींना २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा लागू आहे, नोंदणी आणि विमा लागतो; गोव्यात हे काम पणजीच्या कॅप्टन ऑफ पोर्ट्स खात्याकडे आहे. समुद्रात जायचं असेल तर त्यासाठी काय वेगळं लागेल, चालवायचा परवाना कोणता, हे तिथेच लेखी विचारा. जेटीवाल्याकडून बोटीवर रात्री राहायची परवानगीही कागदावर घ्या. बोटीवरचा आकडा आणि इंजिनावरचा आकडा नोंदीशी जुळवून बघा. समुद्रात चालणाऱ्या बोटीवर खलाशांचे थकलेले पगार आणि बंदराची थकबाकी यांचा बोजा मालक बदलला तरी बोटीसोबतच येतो, २०१७ च्या ॲडमिरल्टी (सागरी दाव्यांच्या) कायद्यात तसं स्पष्ट आहे. म्हणून जेटीवाल्याकडून आणि जुन्या खलाशांकडून बाकी नसल्याचं लिहून घ्या. आणि बोट तुमच्या नावावर चढल्याची नोंद हातात पडेपर्यंत शेवटचा हप्ता राखून ठेवण्याचं कलम करारात असू द्या.